चमचाभर गोडी पेज

बाबांना झटका आला तो एप्रिल महिना होता. माकुणसारच्या घरी, सकाळी, वाडीत पाटाचं पाणी फिरवून ते ओट्यावर येऊन बसले आणि भावजयीने दिलेला चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून सुटला. तिला वाटलं, चटका बसला असेल. "बाबा, लक्ष कुठं हाय तुमचं?" असं ती म्हणाली. बाबांनी उत्तर दिलं, पण त्यात एकही शब्द नव्हता. भावाने शेजाऱ्यांची गाडी काढली आणि त्यांना पालघरला दवाखान्यात नेलं. मी बोईसरहून पोचले तेव्हा त्यांच्या नाकात नळी घातलेली होती, तोंड डाव्या बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात चादरीवर दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पडला होता.

चार-पाच दिवसांनी डॉक्टरांनी मला आणि भावाला बाजूला घेतलं. जीव वाचलाय, हातपाय हळूहळू येतील, बोलणंही सुधारेल, असं ते म्हणाले. "पण गिळण्याचं जपायला लागेल. घशाचे स्नायू ढिले पडलेत. अन्ननलिकेत जायचं ते श्वासनलिकेत जाईल. तोंडातून काहीही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही."

मी मान हलवली. गिळण्याची कधी भीती वाटू शकेल, हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

बाबांना माझ्या घरी आणायचं मीच ठरवलं. मी बोईसरला प्राथमिक शाळेत शिकवते, सुट्टी तोंडावर आली होती. नवरा तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर जातो, मुलगी शिकायला पुण्याला. माकुणसारहून दवाखाना लांब, माझ्या घरून दहा मिनिटं. भाऊ म्हणाला, "ताई, तुला जमेल ना?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं?"

नळीतून भरवायचं मला दवाखान्यात शिकवलं होतं. दर तीन तासांनी मोठ्या सिरिंजने पातळ केलेलं वरण, दूध, नारळपाणी. बाबा त्या सिरिंजकडे बघत नसत. भिंतीकडे बघत. पंचवीस-तीस वर्षं या माणसाने सफाळे, केळवे, माकुणसार भागातली लग्नं आपल्या हातच्या जेवणावर काढली होती. दोनशे माणसांची आमटी न मोजता अंदाजाने करणारा आचारी. आणि आता वरण नाकातून आत जात होतं, त्याची चवसुद्धा त्यांच्या जिभेपर्यंत पोचत नव्हती.

एक शब्द मात्र त्यांना नीट जमायला लागला होता. "पानी."

सकाळी "पानी." दुपारी "पानी." मी ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसायची. ते कापूस ओठांत धरून चोखायला बघत आणि मी घाईने ओढून घ्यायची. एके दुपारी नवरा कामावर, बाहेर कडकडीत ऊन, पंखा गरम वारा फेकत होता. बाबांनी डाव्या हाताने माझा पदर धरला. सोडेनात. "पानी," म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या बापाला रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

मी माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि चमच्याने चार चमचे दिले. थांबत थांबत दिले. ठसका लागला तर लगेच थांबायचं, असं मनाशी ठरवलं होतं. ठसका लागलाच नाही. बाबांनी डोळे मिटले, ओठांवरून जीभ फिरवली आणि पदर सोडला. मला इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. डॉक्टर उगाच घाबरवतात, असंही मनात आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि छातीतून घरघर ऐकू येत होती. पुन्हा दवाखाना. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि मला विचारलं, "तोंडातून काही दिलं होतं का?"

भाऊ माझ्या शेजारीच उभा होता.

"नाही," मी म्हटलं.

"कधीकधी तोंडातली लाळही जाते आत," डॉक्टर म्हणाले. "घशाची जाणीवच कमी झालेली असते, त्यामुळे ठसकाही लागत नाही. कळतच नाही आपल्याला."

बाबा नऊ दिवस दवाखान्यात होते. त्यातले दोन दिवस ते राहतात की जातात हे कुणी सांगत नव्हतं. मी बाहेरच्या बाकावर बसून काचेतून त्यांचे श्वास मोजायची. आतलं यंत्र टीं-टीं करायला लागलं की मी उठून दारापाशी जायची. नवऱ्याने आणलेला डबा मी तसाच परत पाठवायची. चार चमचे पाणी. मी कुणाला सांगितलं नाही. भाऊ येऊन शेजारी बसायचा आणि म्हणायचा, "तू किती करते त्यांचं." मी मान खाली घालायची.

बाबा वाचले. घरी आले तेव्हा निम्मे झाले होते.

या वेळी डॉक्टरांनी एका स्पीच थेरपिस्ट मुलीला घरी पाठवलं. पंचविशीची असेल. केळवे-माहीमच्या बाजूने स्कूटीवर यायची, पाठीवर सॅक. आधी तिने बाबांचं तोंड स्वच्छ केलं, मग गळ्यावर दोन बोटं ठेवून त्यांना नुसतं गिळायला सांगितलं. आठवडाभर व्यायाम करून घेतले. मग एक दिवस म्हणाली, "काकू, आता थोडं थोडं तोंडातून सुरू करू या. पातळ नाही. पातळ पटकन घसरतं, यांना सावरायला वेळ मिळत नाही. मधासारखं दाट हवं. चमचा तिरका केला की धार नको पडायला, सावकाश ओघळलं पाहिजे."

औषधाच्या दुकानातून तिने सांगितलेली पावडर आणली. पाण्यात मिसळली की पाणी खळीसारखं होई. बाबांच्या जिभेवर अर्धा चमचा टेकवला. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि तो ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर ढकलून दिला. दुसऱ्या दिवशी तोंडच उघडलं नाही. त्या मुलीने समजावलं, मी विनवलं. बाबा भिंतीकडे बघत राहिले.

मग त्यांनी डावा हात उचलला. अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर घासली, तांदळाचा दाणा चोळून बघतात तशी. आणि म्हणाले, "पे... पेज. गोडी."

ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं तिला. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडव घालणारे, भाज्या चिरायला आलेल्या बायका, या सगळ्यांना दुपारी बाबा गोडी पेज द्यायचे. तांदळाची कणी भिजवून, वाटून, गाळून, नारळाच्या रसात शिजवलेली. त्यात गूळ आणि दालचिनी. मोठ्या टोपातून स्टीलच्या ग्लासात ओतून ती पितात. इतरांकडे वेलची घालतात, बाबा दालचिनीच घालायचे. कुणाच्याही लग्नात नुसत्या वासावरून कळायचं की आत आचारी कोण आहे.

"तांदळाची असेल तर दाट होईल," ती मुलगी म्हणाली. "करा. पण गाळून हं, काकू. एकही कण राहता कामा नये. आणि मी असतानाच पहिला चमचा द्यायचा."

माझा जीव घाबरा झाला. पावडरीच्या डब्यावर प्रमाण तरी लिहिलेलं होतं. पेजेला कसलं प्रमाण?

दुसऱ्या दिवशी सकाळी कोलमची कणी दोन तास भिजत घातली. बाबांची चाकाची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून लावली. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वयंपाक करत होते आणि बाबा बसून बघत होते. कणी मिक्सरमधून काढली. नारळ खवून, पहिला दाट रस काढून वेगळा ठेवला. दुसरा, पातळ रस गॅसवर चढवला आणि डब्यातली दालचिनीची पूड चमचाभर त्यात टाकायला गेले.

"नाय!" बाबा म्हणाले. इतक्या मोठ्याने की मी दचकले. त्यांनी हवेत काडी मोडल्यासारखं केलं.

साल. अख्खी दालचिनी. मी पूड परत डब्यात टाकली. नंतर ती मुलगी म्हणाली की बरं झालं, पुडीचे कण घशाला चिकटतात आणि खोकला थांबत नाही. बाबांनी मात्र ते घशाचा विचार करून सांगितलं नव्हतं. पुडीने पेज मळकट दिसते, एवढंच त्यांचं म्हणणं असणार.

दालचिनीचे दोन तुकडे रसात उकळले. स्वयंपाकघरभर वास पसरला तेव्हा बाबांचं नाक फुललं, नळीसकट. वाटलेल्या कणीचं पाणी मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळलं आणि बारीक धारेने रसात ओतत डावाने ढवळत राहिले. गुठळी झाली तर ती घशात बसेल, हाच विचार. हात दुखायला लागला तरी थांबले नाही. गूळ वेगळा विरघळवून, गाळून घातला. गॅस बंद करून वरून दाट रस. मग पुन्हा सगळं गाळलं. फडक्यात राहिलेली साल मी दोनदा मोजली. दोन तुकडे टाकले होते, दोन निघाले. तरी एखादा ढलपा सुटून आत राहिला असेल का, म्हणून तिसऱ्यांदा गाळलं.

गरम होती तोवर ती फार पातळ वाटली. मी घाबरून आणखी शिजवायला गेले. बाबांनी हाताने थांबवलं, डाव्या तळव्याने हवा दाबल्यासारखं केलं. थांब. निवू दे. निवल्यावर ती खरंच दाट झाली. चमचा तिरका केला, धार पडली नाही.

ती मुलगी आली. बाबांना ताठ बसवलं, पाठीला उशी दिली. "काका, हनुवटी छातीकडे. तोंडात घेतलं की घाई नाही. गिळा. आता परत एकदा गिळा. आता आऽऽ म्हणा." आ ओला, गुरगुरल्यासारखा आला तर समजायचं, घशात काहीतरी साचलंय. स्वच्छ आला तर पुढचा चमचा.

पहिला अर्धा चमचा मीच दिला. माझा हात इतका कापत होता की पेज त्यांच्या हनुवटीवर सांडली. दुसऱ्यांदा दिला. त्यांचा कंठमणी वर गेला. वरच थांबला, असं मला वाटलं. किती वेळ, देव जाणे. मग खाली आला.

"आऽऽ," बाबा म्हणाले.

स्वच्छ.

पाच अर्धे चमचे गेले. बाबांनी सहाव्यासाठी तोंड उघडलं, पण ती मुलगी म्हणाली, आज इतकंच.

पुढचे दोन दिवस मी दर दोन तासांनी त्यांच्या काखेत थर्मामीटर लावत होते. ठसका लागला नव्हता, पण मागच्या वेळी तरी कुठे लागला होता? लोकांना ठसक्याची भीती वाटते. मला तो न लागण्याचीही भीती वाटायची. बाबा शांत झोपले की मी त्यांच्या छातीवर कान ठेवून घरघर येते का ऐकायची. एकदा त्यांनी डोळे उघडले आणि मला डोक्यावर हलकेच थोपटलं. त्यांना वाटलं, मी मायेने टेकलेय.

ताप आला नाही. पाचाचे दहा चमचे झाले, दहाचे वीस. त्या मुलीने आता मला एकटीने भरवायची परवानगी दिली. रोज सकाळी पेज करायची, अकरा वाजता ताठ बसवायचं, भरवायचं, मग अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. मी जराशी सैल झाले होते. म्हणजे मोबाईल बाजूला ठेवून भरवत होते, पण मोबाईल वाजला तर बघतही होते.

आणि एक दिवस ते झालं.

वाटी अर्ध्यावर आली होती. त्या दिवशी बाबा अगदी हळू गिळत होते, पंचवीस मिनिटं झाली असतील. मी चमचा भरला, तोंडात दिला. बाबांनी हनुवटी खाली घेण्याआधीच ते आत गेलं. त्यांचे डोळे मोठे झाले. एक क्षण काहीच आवाज आला नाही, मग जो खोकला सुरू झाला तो थांबेना. चेहरा लाल, मग काळसर. ओठांवर निळी झाक. मी वाटी टाकली. डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट पकडलं आणि खोकताखोकता काहीतरी ओरडले, "उ... टी! उ... टी!"

मला वाटलं, उलटी. मी मनगट सोडवून घेऊन न्हाणीघरात तसराळं आणायला धावले. परत आले तर ते खुर्चीत मागे कलंडले होते. शेजारच्या घरातली बाई आवाज ऐकून दारात आली होती. बिहारची, तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच पाळीत आहे. ती ओरडली, "दीदी, आगे झुकाओ! पीछे मत छोड़ो, आगे!" आम्ही दोघींनी त्यांना पुढे वाकवलं. त्यांच्या तोंडातून फिकट पिवळं पाणी माझ्या पायावर पडलं. खोकला, पुन्हा खोकला, मग एक लांब ओढलेला श्वास. मग दुसरा.

पाणी. माझ्या पायावर पडलं ते पाण्यासारखं होतं. मी जमिनीवर सांडलेल्या वाटीकडे बघितलं. तिच्यातून पातळ धार फरशीवर पसरत पलंगाखाली चालली होती. सकाळी मी मधासारखी दाट केलेली पेज ही नव्हतीच. मी चुकून पाणी घातलं का? माझ्या हातून नेमकं काय झालं? मला काही आठवेना. त्या बाईने मला पाणी दिलं तेव्हा मी पेला बाजूला सारला. पाणी बघवत नव्हतं.

भावाला फोन केला. तो दोन तासांत आला. त्या मुलीला केला, ती संध्याकाळी आली. तिने बाबांची छाती ऐकली, बोटाला यंत्र लावून बघितलं. "आत्ता ठीक आहेत. पण तीन दिवस लक्ष ठेवा. ताप, घरघर, काहीही वाटलं तर लगेच न्यायचं." मग मला म्हणाली, "काकू, सगळं नीट सांगा. कसं भरवलं?"

मी सांगितलं. वाटी, चमचा, पंचवीस मिनिटं.

"एकच चमचा होता?"

"एकच."

"तोच चमचा परत वाटीत?"

"मग?" मी म्हटलं.

"लाळ," ती म्हणाली. "तांदळाचा दाटपणा लाळेने मोडतो. उष्टा चमचा परत परत वाटीत गेला की पेज हळूहळू पातळ होत जाते. माझंच चुकलं, मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तेव्हा पाचच चमचे होते, लक्षात आलं नाही."

पलंगावरून बाबा म्हणाले, "उश्टी." आणि डाव्या हाताने पळी ढवळल्यासारखं केलं. "उश्टी प... पळी."

त्यांना उलटी होत नव्हती. ते मला सांगत होते, चमचा उष्टा आहे. मला आठवलं, लग्नाच्या स्वयंपाकात बाबा चव बघायचे ती पळीतला थेंब तळहातावर घेऊन. कुणी पळी तोंडाला लावून टोपात परत घातली तर त्याची खैर नसे. "पेजेला पाणी सुटतं," म्हणायचे. आम्हाला वाटायचं, सोवळ्याचं काहीतरी आहे. खोकून खोकून जीव जात असताना हा माणूस मला माझी चूक सांगत होता आणि मी तसराळं शोधत फिरत होते.

मला तेव्हा रडू आवरेना. आणि रडतारडताच मी सांगून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, "मागच्या वेळीही मीच. मी पाणी दिलं होतं. चार चमचे. न्यूमोनिया माझ्यामुळे झाला."

त्या मुलीने आपल्या सॅकची चेन लावली, परत उघडली. भाऊ माझ्याकडे बघत होता. "डॉक्टरांनी विचारलं तेवा तू नाय म्हटलीस," तो म्हणाला. "मी बाजूलाच उबा होतो."

"हो."

तो उठून गॅलरीत गेला. माझा धाकटा भाऊ, मी त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. त्याची पाठ मला जाळीच्या दारातून दिसत होती. एवढंच म्हणेन की बाबांना ताप येण्याची भीती आणि तो परत आत येणारच नाही याची भीती, त्या संध्याकाळी मला वेगळ्या करता येत नव्हत्या.

बाबांनी हाक मारली. मला नाही, त्याला. तो आत आला. बाबांनी शब्द गोळा करायला वेळ घेतला. "मी... मी मागितला पानी. मी तिचा... पदर..." पुढचं जमेना. त्यांनी मूठ आवळून दाखवली. पदर कसा धरला होता ते.

भावाने त्या मुठीकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "थर्मामीटर कुठं हाय?"

तो तीन दिवस माकुणसारला गेला नाही. वाडीचं पाणी भावजयीने बघितलं. आम्ही दोघं आलटून पालटून बाबांजवळ बसत होतो. बोलणं फारसं नव्हतं. "किती?" "अठ्ठ्याण्णव." "आता?" "नव्व्याण्णव." नव्व्याण्णव ऐकलं की आम्ही दोघंही उभे राहायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी शंभर झाला. भावाने बाबांचे कपडे पिशवीत भरले, रिक्षा खाली बोलावून ठेवली. मी गॅसकडे गेले, कशाला गेले ते विसरले आणि तिथेच उभी राहिले. अर्ध्या तासाने नव्व्याण्णव. रिक्षावाला खालून हॉर्न वाजवत होता. भावाने त्याला तासभर थांबवून ठेवलं, मग पाठवलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मुलगी म्हणाली, छाती मोकळी आहे. जाताना भावाने पायात चपला घालता घालता विचारलं, "उद्या भरवणार?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्याने नाही होणार आता."

"मग कोण भरवील?" एवढंच म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी मी पेज केली. केली, पण वाटी ओट्यावर ठेवून दिली. अकराचे साडेअकरा झाले. बाबा स्वतःच उशीला टेकून ताठ बसायची धडपड करत होते. एका हाताने जमत नव्हतं, घसरत होते. मी जाऊन त्यांना बसवलं. मग सहा चमचे आणले, दोन लहान वाट्या आणल्या. थोडी पेज एका वाटीत, एक चमचा चार घासांना, मग तो बादलीत, दुसरा घ्यायचा. वाटी संपली की नवी वाटी. बाबांनी प्रत्येक घासानंतर मी न सांगता "आऽऽ" म्हटलं. मोठ्याने, खणखणीत. शेजारची बाई दारात येऊन बघून गेली.

शाळा उघडल्यावरही मी रजा वाढवून घेतली. जून संपता संपता नाकातली नळी काढली. बाबांच्या नाकाच्या शेंड्यावर चिकटपट्टीचा पांढरा डाग राहिला होता, तो महिनाभर गेला नाही. जुलैमध्ये त्यांना माकुणसारला जायचं झालं. त्यांनीच हट्ट धरला. मला शाळेत जायलाच हवं होतं, आणि भावजय म्हणाली, "आमी बगतो ना, ताई."

चमचा दुसऱ्याच्या हातात द्यायचा, हे मला सगळ्यात जड गेलं. मी चार दिवस तिथे राहून भावजयीला शिकवलं. हनुवटी, दोनदा गिळणं, आ, चमचे बदलणं. ती माझ्यापेक्षा शांत होती. तिचा हात कापत नव्हता, याचाही मला राग आला. बोईसरला परत आल्यावर रोज मधल्या सुट्टीत मी फोन करायची. "भरवलं? आ म्हणाले? कसा होता आ?" एकदा ती हसून म्हणाली, "ऐकवू काय?" आणि तिने फोन बाबांच्या तोंडाशी धरला. मुलं व्हरांड्यात डबे खात होती. मी फोन कानाशी घट्ट दाबून उभी राहिले. "आऽऽ," बाबा म्हणाले. आणि मग, नाराजीने, "बास!"

दिवाळीच्या आधी गेले तेव्हा बाबा काठी घेऊन ओट्यापर्यंत येत होते. मऊ भात, वरण चालत होतं. मी जाताना कणी नेली होती. पिशवीतून काढली तर म्हणाले, "नको पेज. कटाळा आला. बोंबील कर."

"बोंबील?"

"ताजा हाय. सातपाटीचा. तिने घेतलाय." भावजयीकडे बोट.

बोंबील मऊ असतो, हे कबूल. पण काटा? मी त्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, मधला काटा काढून, कुस्करून, दाट रश्शात कालवून, लहान घास, तुम्ही समोर बसा. भावजयीने दाट कालवण केलं, त्यातला बोंबील मी रश्शासकट ताटलीत काढला. मधला काटा सोडवला. मग बोटांनी सगळा कुस्करून बारीक काटे चाचपून काढले. एकदा, दोनदा. बाबा बघत होते. "हाताला चव जाईल त्याची," म्हणाले. आता त्यांची वाक्यं पुरी व्हायला लागली होती.

तिसऱ्यांदा चाचपायला घेतला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ताटली आपल्याकडे ओढली.

चमचा त्यांनीच भरला. भावजय चुलीकडे वळली होती, भाऊ वाडीत होता. मी समोर पाटावर बसले होते. त्यांनी घास तोंडात घेतला, हनुवटी खाली केली. माझे डोळे त्यांच्या गळ्यावर होते. कंठमणी वर गेला.